'जात असतो' याचे इंग्रजी

"तो रोज शाळेत जात असतो" या वाक्याचे इंग्रजी करावयास सांगितले, की बरीच मुले "ही इज गोइंग टु स्कूल एव्हरी डे" असे लिहून मोकळी होतात. शिक्षक तांबडी रेघ ओढतात. पण ही चूक आळसाची नव्हे, मायबोलीच्या वळणाची आहे. 'जात' म्हणजे 'गोइंग' आणि 'असतो' म्हणजे 'इज', असा एकास एक मेळ मूल घालते. "दगड कठीण असतो" याचे "स्टोन इज हार्ड" असेच होते, मग येथे का नाही, हा त्याचा तर्क अगदीच टाकाऊ नाही.

उपाय मराठीतच आहे. 'जात आहे' म्हणजे आत्ता. 'जात असतो' म्हणजे नेहमी. हा भेद मूल घरूनच शिकून आलेले असते. 'आहे' आले तर 'इज गोइंग', 'जात असतो' व नित्याचे 'जातो' या दोहोंस इंग्रजीत एकच साधा वर्तमानकाळ: "ही गोज टु स्कूल." राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाते, तेव्हा हा भेद आरंभी तोंडीच घटवून घ्यावा, व्याकरणाची नावे मागाहून यावीत.

साधा वर्तमानकाळ मात्र अपवाद उघड दाखवीत नाही. "आयर्न रस्ट्स" हे ठीक; पण "चिल्ड्रन फरगेट" म्हटले तर सर्वच मुलांवर ठपका आल्यासारखे वाटू शकते. तेथे "चिल्ड्रन टेंड टु फरगेट", म्हणजे विसरण्याकडे कल असतो, असे म्हणावे. क्वचित घडणाऱ्यास 'कॅन': "वेल वॉटर कॅन बी सॉल्टी." आणि "ॲक्सिडेंट्स विल हॅपन" यातील 'विल' भविष्यकाळाचे नव्हे, "अपघात व्हायचेच" यातील 'व्हायचेच' ते हे.

भूतकाळी "आजी पहाटे उठे, जात्यावर दळी" या सुरेख रूपांस 'यूज्ड टु' किंवा 'वुड' योजतात. "शाळेपाशी पूर्वी वड होता" येथे मात्र 'वुड' चालत नाही. "देअर यूज्ड टु बी अ बॅनियन ट्री" असेच म्हणावे लागते. 'यूज्ड टु' यास वर्तमानकाळ नाही. "आय यूज टु गो डेली" हे मोठ्यांच्या तोंडीही ऐकू येते, आणि मुले ते तेथूनच उचलतात.