स्क्रीनवरचा निळा फ्लेक्सवर का येत नाही? तीन कमांडमध्ये स्वतः बघा

प्रिंटिंगचं दुकान टाकायचं ठरवत असाल, तर एक वाक्य आत्ताच पाठ करून ठेवा, कारण ते तुम्हाला ऐकावं लागणारच आहे: "मोबाईलवर तं चांगला निळा दिसत होता भाऊ, इथं जांभळा कायले आला?"

14 एप्रिलच्या जयंतीचे निळे बॅनर असोत की 19 फेब्रुवारीच्या शिवजयंतीचे भगवे, सीझनमध्ये काम भरपूर आणि वाद पण भरपूर. आजच्या धड्यात हा वाद ऑर्डर घेण्याआधीच कसा मिटवायचा ते शिकू. त्यासाठी लागणारं टूल फुकट आहे.

आधी हिशोब

समजा 10 बाय 20 चा फ्लेक्स, म्हणजे 200 चौरस फूट. रेट धरू 12 रुपये, खर्च 8 रुपये. बिल 2400, खर्च 1600, नफा 800. गिऱ्हाईकाने रंगावरून नाकारला आणि परत छापून दिला, की आणखी 1600 गेले. 800 नफ्याच्या जागी 800 तोटा. म्हणजे तेवढीच दुसरी ऑर्डर करावी तेव्हा कुठे तुम्ही शून्यावर येता. आणि मुख्य गोष्ट अशी, की परत छापूनही तो निळा येत नाही, कारण तो मशीनच्या आवाक्यातच नसतो.

गॅमट म्हणजे काय?

एखादं उपकरण जेवढे रंग दाखवू किंवा छापू शकतं, त्या सगळ्यांचा मिळून होणारा आकार म्हणजे गॅमट. स्क्रीन लाल, हिरवा, निळा असा प्रकाश मिसळते. प्रिंटर सायन, मॅजेन्टा, यलो, ब्लॅक अशी शाई वापरतो. दोघांचे आकार वेगळे.

एचपी आणि मायक्रोसॉफ्टने 1996 मध्ये स्क्रीनसाठी एसआरजीबी हे माप मांडलं. आजही बहुतेक फोटो आणि मोबाईलवरची डिझाइन्स त्याच मापात असतात. त्यातला सगळ्यात भडक निळा लॅब मोजणीत साधारण एल 30, ए 68, बी उणे 112 येतो. चकचकीत कागदाच्या ऑफसेट मानकात सायन आणि मॅजेन्टा पूर्ण भरून मिळणारा निळा एल 24, बी उणे 46 च्या आसपास थांबतो. बी जितका उणे, तितका रंग निळा. उणे 112 कुठे आणि उणे 46 कुठे! हे अंतर ऑपरेटर बदलून भरत नाही.

टूल कोणतं?

नाव आर्गिलसीएमएस. ऑस्ट्रेलियाचे ग्रेम गिल यांनी बनवलेलं, ओपन सोर्स. यात बटणं नाहीत, कमांड टाइप करावी लागते. घाबरू नका. झिप फाईल उघडा, बिन नावाच्या फोल्डरमध्ये जा, वरच्या ॲड्रेस पट्टीत सीएमडी टाइप करून एंटर मारा. काळी खिडकी उघडेल.

आता दोन प्रोफाईल फाईली त्याच फोल्डरमध्ये कॉपी करा. एसआरजीबीची फाईल टूलच्या रेफ फोल्डरमध्ये मिळते. दुसरी तुमच्या मशीनची. ती रिप सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये शोधा किंवा मशीन विकणाऱ्याकडून मागून घ्या. प्रोफाईल मशीन, शाई आणि मटेरियल या तिघांची मिळून असते. फ्लेक्सची प्रोफाईल विनाइलला चालत नाही.

कमांड

(टाइप इंग्रजीतच करायचं. अक्षरं व्हिडिओत स्क्रीनवर आहेत, इथे उच्चार देतोय.)

1. आयसीसीगॅमट -व्ही -डब्ल्यू -आयआर एसआरजीबी.आयसीएम

2. आयसीसीगॅमट -व्ही -डब्ल्यू -आयआर फ्लेक्स.आयसीसी

'व्ही'मुळे आकाराचं घनफळ छापून येतं. 'डब्ल्यू'मुळे ब्राऊझरमध्ये फिरवून बघता येणारी आकृती बनते. 'आयआर' म्हणजे मटेरियलचा पांढरा हाच पांढरा धरायचा. दोन्हीकडे हे सारखंच ठेवा, नाहीतर तुलना चुकते. प्रत्येक कमांडनंतर एक .गॅम फाईल तयार होते. आता दोन्ही एकत्र बघू:

3. व्ह्यूगॅम -आय -सीडब्ल्यू -टी0.75 -डब्ल्यू एसआरजीबी.गॅम -सीएन -टी0.3 -एस फ्लेक्स.गॅम तुलना

म्हणजे स्क्रीनचा आकार पांढऱ्या तारांच्या पिंजऱ्यासारखा, फ्लेक्सचा आकार त्याच्या खऱ्या रंगात भरीव. सुरुवातीच्या 'आय'मुळे दोघांचा सामाईक भाग किती टक्के, ते पण कळतं. शेवटचं नाव तयार होणाऱ्या फाईलचं.

आकृती कशी वाचायची?

माऊसने फिरवा. वर उजेड, खाली अंधार. पिंजरा भरीव आकाराच्या बाहेर निघतो, तिथले रंग स्क्रीनवर दिसतील पण छापून येणार नाहीत. निळ्याच्या बाजूला हा फरक बहुधा ठळक दिसेल. भडक हिरवा आणि भडक केशरीही तपासा.

काही ठिकाणी उलटंही असतं. ऑफसेटचा शुद्ध सायन एसआरजीबीच्या बाहेर जातो. तो छापता येतो, पण साध्या स्क्रीनवर पूर्ण दिसत नाही.

घोड्याच्या नालेसारखी जी सपाट आकृती पुस्तकात असते, ती 1931 ची. तिच्यात उजेड-अंधार दिसत नाही, म्हणून प्रिंटरसाठी ती अपुरी पडते. फिरणारी आकृतीच बघा.

धंद्यात वापर कसा करायचा?

पहिलं, ही आकृती काउंटरवर लावा आणि ॲडव्हान्स घेण्याआधी दाखवा. आधी सांगितलं तर ती माहिती असते, नंतर सांगितलं तर गिऱ्हाईकाला ते कारण वाटतं.

दुसरं, निळ्यात मॅजेन्टा सायनपेक्षा निदान 30 टक्क्यांनी कमी ठेवा. सायन 100, मॅजेन्टा 70 पासून सुरुवात करा. भडकपणा कमी होईल, पण रंग जांभळ्याकडे जाणार नाही. एक फूट तुकडा छापून त्यावर गिऱ्हाईकाची सही घ्या.

तिसरं, मशीन घेताना नुसत्या घनफळाच्या आकड्यावर जाऊ नका. आकडा मोठा असेल, पण वाढ पिवळ्याच्या बाजूला असेल आणि तुमचं काम निळ्याचं असेल, तर काय फायदा? दोन्ही मशीनच्या प्रोफाईल मागा आणि तिसरी कमांड चालवा.

आपल्या नांदगाव पेठच्या मित्रांनी तर हे शिकाच. इथल्या पीएम मित्र टेक्स्टाईल पार्कची पायाभरणी 20 सप्टेंबर 2024 ला झाली, पार्क 1000 एकरांचा आहे. कपड्यावरच्या डिजिटल प्रिंटिंगलाही हाच नियम: कापड बदललं की प्रोफाईल बदलली, प्रोफाईल बदलली की गॅमट बदलला.

गृहपाठ: तुमच्या भागात सगळ्यात जास्त मागितले जाणारे तीन रंग लिहा. ते तुमच्या मशीनच्या आकारात आहेत की बाहेर, ते तपासा. जो बाहेर आहे, त्याच्या सगळ्यात जवळचा छापता येणारा रंग शोधून त्याचा नमुना काउंटरवर ठेवा. गिऱ्हाईकाला "नाही जमत" म्हणण्यापेक्षा "हा जमतो, बघा" म्हटलं की ऑर्डर हातची जात नाही.