क्षयजंतू, पेशींचा ताणप्रतिसाद आणि लंघनाचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी आमच्या चिकित्सालयात यंत्रमागावर काम करणारा एक तरुण आला. तीन आठवड्यांचा कास, सायंकाळी येणारा ज्वर, अरुची व उतरलेले वजन अशी लक्षणे होती. जिव्हा साम दिसली म्हणून आम्ही प्रथम लंघन व पाचन योजले. दहा दिवसांत त्याचे बल आणखी घटले. त्यानंतर करविलेल्या थुंकीच्या तपासणीत क्षयाचे जंतू आढळले. येथे आमची चूक दुहेरी होती. तपासणीस विलंब झाला आणि क्षीणधातू रुग्णास लंघन दिले गेले.

उपवासाने पेशी स्वतःची शुद्धी करतात, म्हणून जंतुजन्य व्याधीतही लंघन हितकर, असे विधान अलीकडे आपल्या व्यवसायबंधूंकडून ऐकू येते. त्यास काही शास्त्रीय आधार आहे, परंतु तो अपुरा आहे. प्रस्तुत लेखात या विषयाचा क्रमाने विचार करू.

१) जंतूचे आश्रयस्थान

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. हा जंतू श्वासावाटे फुप्फुसातील वायुकोशांत पोहोचतो. तेथील मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी त्यास गिळतात. गिळलेला जंतू फॅगोसोम या पिशवीत बंद होतो. ही पिशवी पुढे लायसोसोमशी जोडली जाऊन तेथील आम्ल व पाचक द्रव्यांनी जंतूचा नाश व्हावा, हा स्वाभाविक क्रम होय. क्षयजंतू नेमका हा क्रम रोखतो आणि ज्या पेशीने त्यास मारावयाचे, तिच्यातच वास्तव्य करतो.

२) पेशीचा ताणप्रतिसाद

अन्न कमी पडणे, प्राणवायू घटणे, प्रथिनांची घडण बिघडणे, उपद्रवी जंतू आत शिरणे या सर्व प्रसंगी पेशी ताणाखाली येते व काही ठराविक उपाय योजते. त्यांपैकी एक ऑटोफॅजी, म्हणजे स्वभक्षण. यात पेशी आपलेच जीर्ण घटक आवरणात गुंडाळून लायसोसोमकडे पाठविते व त्यांतून पोषक अंश परत मिळविते. १९६३ मध्ये क्रिस्तियन द द्यूव यांनी या क्रियेस नाव दिले. योशिनोरी ओसुमी यांनी उपाशी ठेवलेल्या यीस्टवर प्रयोग करून तिची यंत्रणा उलगडली. त्याबद्दल त्यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जंतुग्रस्त मॅक्रोफेज पेशींचे पोषण तोडून ऑटोफॅजी चेतविली गेली. तेव्हा रोखलेला क्रम पुन्हा सुरू झाला व जंतूंची संख्या घटली. उपवासाच्या वरील विधानाचे मूळ अशा प्रयोगांत आहे.

३) जंतूचा प्रतिकार

जंतूही स्वस्थ बसत नाही. त्याचे सॅप-एम व पीटीपी-ए हे विकर फॅगोसोमची परिपक्वता व आम्लता रोखतात. एइस हे प्रथिन ऑटोफॅजीस आवर घालते. ईएसएक्स-१ या स्रावयंत्रणेने जंतू पिशवीच्या आवरणास छिद्रे पाडतो. मात्र छिद्र पडताच पेशीस आक्रमणाची जाणीव होते. ती जंतूवर युबिक्विटिनची खूण करून त्यास पुन्हा ऑटोफॅजीच्या मार्गाला लावू पाहते. हा संघर्ष जंतूच्या बाजूने झुकला तर पेशी फुटून मरते आणि जंतू मोकळे होऊन पसरतात. पेशी नियमबद्ध रीतीने, आवरण न फुटता मरण पावली तर जंतूचा प्रसार बराच रोखला जातो.

शरीर प्राणवायू कमी करून व नायट्रिक ऑक्साइड निर्माण करून जंतूवरही ताण आणते. तेव्हा जंतूतील डॉस-आर ही नियंत्रक यंत्रणा सुमारे ५० जनुके कार्यान्वित करते व जंतू मंदावस्थेत जातो. मंदावलेल्या जंतूवर औषधांचा परिणाम सावकाश होतो. लक्षणे काही आठवड्यांत शमली तरी सामान्यतः सहा महिने औषध का घ्यावे लागते, याचे एक महत्त्वाचे कारण येथे आहे.

४) मग लंघन का नको?

काचपात्रातील पेशीचे काही तासांचे उपोषण आणि धातुक्षय झालेल्या मनुष्याचे उपोषण यांत मोठे अंतर आहे. ऑटोफॅजी चेतविणारे संकेत देण्यास टी-पेशी लागतात, आणि कुपोषणात त्यांचेच बल घटते. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या रॅशन्स अभ्यासात क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना अतिरिक्त शिधा देण्यात आला. त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्या संहितांचा अभिप्राय याहून निराळा नाही. चरकाचार्यांनी साहस, वेगसंधारण, क्षय व विषमाशन ही राजयक्ष्म्याची चार कारणे सांगितली. सर्व धातू क्षीण झालेल्या रुग्णाचे बल पुरीषावर अवलंबून असते, म्हणून त्याचे रक्षण करावे, असेही बजावले. सुश्रुताचार्यांनी शोषाची गणना औपसर्गिक रोगांत केली. म्हणजे संसर्ग व क्षीणता या दोन्ही बाजू आचार्यांना अवगत होत्या. आम लक्षणे दिसली तरी मृदू दीपन-पाचनावर थांबावे. लंघन व तीक्ष्ण शोधन टाळावे.

५) व्यवहारातील सूचना

अ) दोन आठवड्यांहून अधिक कास असल्यास प्रथम थुंकीची तपासणी करवावी. सीबीनॅट वा ट्रूनॅट चाचणीने रिफॅम्पिसिनला प्रतिरोध आहे का, हेही कळते.

आ) निदान निश्चित होताच क्षयविरोधी औषधे सुरू करवावीत. रसायन व बृंहण चिकित्सा ही त्यांची जोड आहे, पर्याय नव्हे.

इ) आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन व पायराझिनामाइड यकृतास पीडा देऊ शकतात. शिवाय रिफॅम्पिसिनमुळे अनेक औषधांचे शरीरातील प्रमाण बदलते. म्हणून अनेक कल्पांची गर्दी करू नये. छर्दी, कामला वा तीव्र अरुची दिसताच रुग्णास उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवावे.

ई) दरमहा वजन नोंदवावे. निक्षय पोषण योजनेचे अनुदान रुग्णास मिळते का, याची विचारणा करावी. नोव्हेंबर २०२४ पासून ते मासिक १००० रुपये झाले आहे.

आरंभी उल्लेखिलेल्या रुग्णाने सहा महिन्यांचा औषधक्रम पूर्ण केला. दूध, तूप, अंडी व मुगाचे यूष असा आहार अग्निबलानुसार वाढवीत नेला. अखेरीस त्याचे वजन सात किलोने वाढले होते आणि थुंकी जंतुरहित होती. तेव्हापासून दीर्घ कासाच्या रुग्णास आम्ही तपासणीची चिठ्ठी आधी देतो, औषधाची पुडी नंतर. वैद्यबंधूंनीही हाच क्रम ठेवावा, ही विनंती.

इत्यलम्।