उरलेल्या खडकाची काळजी

सुरत मेट्रोचं कापोद्रा ते चौक बाजार हे भुयार यंत्रानं, तापीकाठच्या मातीतून खोदलेलं. सुरुंग लागतो दक्षिणेकडच्या बेसाल्टात. बुलेट ट्रेनचा गुजरातमधला एकमेव डोंगरी बोगदा वलसाड जिल्ह्यात झरोलीजवळ आहे. ३५० मीटरचा हा बोगदा ऑक्टोबर २०२३ मध्ये आरपार झाला. अशा बोगद्याचा भार मुख्यतः भोवतालचा खडकच पेलतो, म्हणून तो दुखवायचा नाही. या कामात येणाऱ्या तरुणांसाठी काही अनुभव.

१. नुकसानीची सुरुवात ड्रिलिंगमध्येच होते. तीन मीटरचं होल तीन अंशांनी वाकडं गेलं, तर तळाशी पंधरा सेंटीमीटर सरकतं. फेसवर रंगानं खुणा करा आणि ऑपरेटरच्या मागे घाईचा तगादा लावू नका.

२. कडेची होल जवळजवळ हवीत. ४५ मिलिमीटर व्यासाला साधारण ६० ते ७० सेंटीमीटर अंतर ठेवावं. काडतुसं बारीक, भोवती हवेची पोकळी, आणि उडवायची सगळ्यात शेवटी, म्हणजे आतला खडक आधीच निघून गेलेला असतो. मात्र कडेच्या लगतची आतली रांगही हलकी भरा. ही गोष्ट फार जण विसरतात. तिथे दारू ठासली, की तिचे तडे कडेची रेषा ओलांडून छतात शिरतात.

३. धूर निघून गेला, स्केलिंग झालं, की भिंतीजवळ जा. सलग खडकात कडेच्या होलांच्या अर्ध्या नळ्या स्पष्ट दिसल्याच पाहिजेत. सळईनं ठोकून पाहा: खणखणीत वाजला तर खडक शाबूत, बद्द वाजला तर आतून सुटलेला. मुळातच तडकलेल्या खडकात मात्र नळ्या दिसल्या नाहीत म्हणून ब्लास्टरला दोष देऊ नका.

४. दोन लाव्हाथरांमधला तांबडा, मातकट थर पाणी लागलं की भुसभुशीत होतो. तो छताजवळ आला तर राउंड आखूड घ्या आणि लगेच शॉटक्रीट मारा.

५. एका कामावर ठेकेदारानं दारू वाढवून लांब राउंड मारायचा हट्ट धरला. वाचलेला वेळ जादा मलबा उचलण्यात आणि पोकळ्या भरण्यात गेला.

६. जवळ वस्ती असेल तर एका डिलेवर किती दारू उडते ते मोजा. जमिनीचं कंपन त्यावर ठरतं, आणि घरांसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाची १९९७ची कंपनाची मर्यादा ८ हर्ट्झखाली सेकंदाला ५ मिलिमीटर आहे.

साइटच्या वरिष्ठांना एकच विनंती: प्रत्येक ब्लास्टनंतर भिंत तपासायला थोडा वेळ द्या, नोंद ठेवा आणि पुढचा पॅटर्न त्या नोंदीवरूनच आखा.