पंपाखालचा पत्रा

जामसंडे, ता. देवगड
१२ डिसेंबर

चि. मृणाल,

तुझं पत्र आणि तुझ्या नव्या पेटीची आकृती, दोन्ही मिळालं. दिवाळीत विहिरीवरच्या पंपाचा ऑटो स्टार्टर उघडून तू दोन दिवस बसली होतीस आणि तुझी आई माझ्यावर डाफरत होती, त्याचं सार्थक झालं. आकृती झकास आहे. फक्त एका जागी अडकलो. लाईट आल्यावर विहिरीवरची पेटी थोडा वेळ गप्प बसते, मग मोटर चालू करते. तो थांबा तुला उगाचच वाटला आणि तुझ्या पेटीतून तू तो काढून टाकलास.

असाच एक उगाचचा भाग मीही काढला होता. फवारणीच्या पंपाला जोडलेलं आमचं जुनं डिझेल इंजिन. माझं वय तेव्हा वीसच्या आसपास, म्हणजे अक्कल पुरेपूर. फ्युएल पंप सोडवला, पुसला, पुन्हा बसवला. त्याच्या खाली कागदासारखा पातळ, काळा पडलेला पत्रा होता. जुनाट काहीतरी चिकटलंय असं समजून तो पुसायच्या बोळ्याबरोबर फेकून दिला. हँडल मारलं तर त्याने उलटा झटका दिला, मनगट आठवडाभर सुजलं. कसंबसं चालू झालं ते हातोडी मारल्यासारखं ठणठणत. मिस्त्री आला, कान दिला आणि इंजिनाला हातही न लावता म्हणाला, "पंपाखालचो पत्रो खंय गेलो?"

त्या पत्र्याच्या जाडीवर डिझेल कधी उडायचं ते ठरतं. पत्रा काढला की पंप खाली बसतो, कॅम त्याला लवकर उचलतो आणि पिस्टन वर पोचण्याच्या बऱ्याच आधी डिझेल पेटतं. वेळ मोजायला तिथे घड्याळ नव्हतं, पत्रा होता. मला धातू दिसला, वेळ दिसली नाही.

आता तुझा थांबा. आपल्याकडे लाईट येते ती एकदम शहाण्यासारखी येत नाही. एक फेज येते, दुसरी रेंगाळते, व्होल्टेज वरखाली होतं. त्यात मोटर उठताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. आख्ख्या वाडीच्या मोटरी एकाच क्षणी उठल्या तर काय होईल, ते ट्रान्सफॉर्मरला विचार. म्हणून नियम कर: एखादा भाग कशासाठी आहे हे कळत नाही तोवर तो गरजेचाच आहे असं धर. आणि पाना हातात घेण्याआधी यंत्र चालताना बघ. आत काय असेल त्याचा अंदाज वहीत लिही, मग उघड. अंदाज चुकला तर उत्तम, तिथेच काहीतरी शिकायला मिळणार.

तुझी मैत्रीण म्हणते, तुझी पेटी ही नुसती कॉपी. तिला ही गोष्ट सांग. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर सिनेमा दाखवायचा धंदा करता करता स्वतःचा कॅमेरा जुळवत होते. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये कॅमेरा चालता केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. ज्याच्या हाताखालून प्रोजेक्टर रोज जातो त्याला एक गोष्ट कळलेली असते: फिल्म सरळ धावत नाही, दर चित्राला क्षणभर थांबते आणि पुढे सरकताना उजेड झाकलेला असतो. त्यासाठी प्रोजेक्टरात चार खाचांचं एक चाक असतं, त्याला ढकलणाऱ्या खिळ्याच्या एका फेऱ्यात ते फक्त पाव वळतं. कॅमेऱ्यालाही तेच हवं, थांबा आणि सरका. फरक इतकाच की इथे उजेड बाहेरून आत येतो. प्रोजेक्टरची हुबेहूब नक्कल केली असती तर त्यांना दुसरा प्रोजेक्टर मिळाला असता.

उलट, नाव-छाप बदलून तीच पेटी विकायला काढलीस तर मी तुझ्या मैत्रिणीच्या बाजूने. पेटंट बघून घे. पण समजून घेण्याला कायदाही आडवा येत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, हक्काने हातात आलेला प्रोग्राम चालवता चालवता निरखून त्यामागची कल्पना शोधायला मुभा आहे.

विहिरीवरच्या पेटीतली चिप कुलूपबंद आहे, आतलं वाचता येत नाही, अशी तुझी तक्रार. मग बाहेरून वाच. लाईट घालव, लाव, घड्याळ धर. एक फेज काढून बघ, पण ते मी शेजारी असताना आणि मेन स्विच बंद करूनच.

मी सुरुवात केली आहे. मोहोराची फवारणी चालू असल्याने टाकीला पाणी लागतं, त्यामुळे दिवसभर विहिरीवरच असतो. काल लाईट तीनदा गेली. पहिल्या दोन वेळा पेटीने सारखाच वेळ घेतला. तिसऱ्यांदा, लाईट जेमतेम दोन मिनिटं जाऊन आली होती, तर ती दुप्पट वेळ गप्प बसली. आकडे मागच्या पानावर लिहिलेत. शिमग्याला येशील तेव्हा पेटी पुन्हा उघडू. त्याआधी तुझा अंदाज लिहून पाठव. माझा मी लिहून ठेवला आहे, पण तुला सांगणार नाही.

तुझा,
मामा