मुलगी पळवली, तरी बापाला विनोद सुचतात?

प्रश्न : हिचकॉकचा 'द मॅन हू न्यू टू मच' हा जुना ब्रिटिश चित्रपट पाहिला. पोटची मुलगी पळवली तरी आईबाप पोलिसांपाशी तोंड उघडत नाहीत. बाप तर थट्टामस्करी करत हिंडतो. आणि लंडनचे पोलीस बंदुका दुकानातून आणवतात! याला थरारपट कसे म्हणायचे?

उत्तर : आधी एक घोळ मिटवू. या नावाचे हिचकॉकचे दोन चित्रपट आहेत. १९३४ सालचा ब्रिटिश, सव्वा तासाचा. १९५६ सालचा हॉलिवूडचा, दोन तासांचा. दुसऱ्यात मुलगा पळवला जातो, तेव्हा तुम्ही पाहिलात तो पहिलाच. लेखक चेस्टरटनच्या याच नावाच्या पुस्तकावरून तो काढला असे काहींना वाटते, पण तिथून घेतले ते फक्त नाव.

आता आईबापांचे गप्प बसणे. स्वित्झर्लंडमध्ये सुट्टीवर असताना त्यांचा एक मित्र नाचता नाचता गोळी लागून मरतो. त्याने दाढीच्या ब्रशात लपवलेली चिठ्ठी यांच्या हाती पडते आणि लंडनमध्ये एका परदेशी मुत्सद्द्याच्या खुनाचा कट शिजतो आहे हे कळते. मुलगी पळवणाऱ्या गुंडांना खंडणी नकोच आहे, त्यांना हवे आहे या दोघांचे मौन. पोलिसांकडे गेले की मुलगी गेली. सरकारी अधिकारी घरी येऊन विनवतो तरी ते बधत नाहीत. परक्या माणसाचा जीव की आपल्या लेकीचा, या पेचावर सारी कथा उभी आहे. त्यामुळे हा दोष चित्रपटाच्या खात्यावर मांडता येत नाही.

थट्टामस्करीचा मात्र मांडावाच लागतो. मुलीच्या शोधात बाप दंतवैद्याच्या खुर्चीत बसतो आणि उलट दंतवैद्यालाच गुंगीचा वायू देऊन झोपवतो. पुढे एका संशयास्पद प्रार्थनामंदिरात तो भजनाच्या चालीवर गाऊन सोबत आलेल्या दुसऱ्या एका मित्राला सावध करतो. मग खुर्च्यांची फेकाफेक होते आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून गुंड ऑर्गन जोरात वाजवायला लावतात. प्रसंग गमतीचे आहेत, पण पोर संकटात असल्याची कळ त्यांत कुठेच उमटत नाही. संकटात चेहरा हलू न देणे हा त्या काळच्या इंग्रज सद्गृहस्थाचा बाणा असेलही, तरी इतका? त्या मानाने पीटर लॉर हा खलनायकच अधिक जिवंत वाटतो. नाझींमुळे जर्मनी सोडून आलेल्या या नटाला तेव्हा इंग्रजी जेमतेम येत होते, हे पडद्यावर कळतसुद्धा नाही.

बंदुकांचे म्हणाल, तर ती लेखकाची लहर नव्हे. ब्रिटिश पोलीस एरवी निःशस्त्र असतात. जानेवारी १९११ मध्ये पूर्व लंडनच्या सिडनी स्ट्रीटवर सशस्त्र टोळीवाल्यांना घेरण्याची वेळ आली, तेव्हा पोलिसांची शस्त्रे अपुरी पडली होती. चित्रपटातली पोलीस आणि गुंडांची शेवटची चकमक त्याच घटनेवर बेतली आहे. पोलिसांच्या हाती बंदूक दाखवणे सेन्सॉरलाही रुचत नव्हते.

एक खरी फट तुमच्या नजरेतून सुटलेली दिसते. लंडनच्या अल्बर्ट हॉल या सभागृहात वाद्यवृंदातली झांज आदळेल त्याच क्षणी गोळी सुटणार असते. ऐन वेळी आई किंचाळते, नेम चुकतो, मुत्सद्दी जखमेवर निभावतो. पण किंचाळणे म्हणजे मौन मोडणेच की! मग दारातल्या पोलिसाच्या कानात आधीच का सांगितले नाही? मारेकरी इशारा म्हणून तिच्या हातात मुलीची पिन ठेवून जातो, एवढेच कारण चित्रपट देतो. संगीत चढत जाते तशी ही शंका विरते, हे दिग्दर्शकाचे कसब. पैसे बेताचे असल्याने त्या सभागृहातले बरेचसे प्रेक्षक चित्रात रंगवून आरशाच्या युक्तीने दाखवले आहेत, तेही सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

हिचकॉक स्वतः पहिला चित्रपट हौशी कलावंताचा आणि दुसरा व्यावसायिकाचा मानत असे. दुःखापुरते ते पटते : दुसऱ्यात डॉक्टर नवरा बायकोला आधी गुंगीच्या गोळ्या घ्यायला लावतो आणि मगच मुलगा पळवल्याचे सांगतो. तो प्रसंग पाहवत नाही. तरीही शेवट मला पहिल्याचाच आवडतो. सुरुवातीच्या नेमबाजीच्या खेळात आई ज्याच्याकडून हरलेली असते, तोच शेवटी छपरावर मुलीच्या मागे लागतो. मुलीला लागेल म्हणून पोलीस कचरतो. आई त्याच्या हातची बंदूक घेते आणि या वेळी तिचा नेम चुकत नाही.