क्षीण बंधनाचा माग : एनएमआर आणि प्रथिने

एमआरआय हा शब्द आता रुग्णांच्याही तोंडी रुळला आहे. ज्या तंत्रातून तो जन्मला ते एनएमआर, अर्थात अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, मात्र आपणां डॉक्टरांनाही दूरचेच वाटते. (रुग्ण बिचकू नयेत म्हणून एमआरआयच्या नावातून ‘न्यूक्लिअर’ हा शब्द वगळला गेला, वस्तुतः येथे किरणोत्साराचा संबंधच नाही.) द्रावणातील प्रथिनांची त्रिमितीय रचना या तंत्राने ठरविण्याच्या पद्धतीबद्दल कुर्ट व्यूथरिख यांना २००२ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

जिवाणूंना नायट्रोजन-१५ हे समस्थानिक असलेल्या पोषकद्रव्यावर वाढविले, की त्यांनी घडविलेल्या प्रथिनातही तेच उतरते. मग हायड्रोजन-नायट्रोजन जोड्यांचा द्विमितीय आलेख काढल्यास, प्रोलीन वगळता, बहुतेक प्रत्येक अमिनो आम्लाचा एकेक ठिपका उमटतो. कोणता ठिपका कोणाचा, हे ठरविणे कष्टाचे काम आहे. प्रथिन फार मोठे असेल तर ठिपके पसरट होतात आणि काम अधिकच अवघड होते. परंतु एकदा ओळख पटली, की द्रावणात दुसरा रेणू मिसळावा आणि पाहावे. तो जेथे चिकटतो तेथील व लगतचे ठिपके जागा सोडतात. बंधन कोठे झाले ते कळते. रेणूची मात्रा वाढवीत नेल्यास ते किती घट्ट, हेही कळते. विशेष म्हणजे इतर चाचण्यांतून निसटणारी अतिक्षीण बंधनेही येथे दिसतात.

याच गुणाचा उपयोग अमेरिकेतील अ‍ॅबट कंपनीत स्टीफन फेसिक व सहकाऱ्यांनी केला. प्रथिनावरील शेजारशेजारच्या दोन जागी क्षीणपणे चिकटणारे दोन लहान रेणू शोधावेत आणि ते सांधून एक बळकट रेणू करावा, ही पद्धत त्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे ती बीसीएल-एक्सएल या प्रथिनावर वापरली गेली. पेशींचा नियोजित मृत्यू रोखणारे हे प्रथिन कर्करोगपेशींना जीवदान देते; पण त्याच्या लांबट खाचेत दुसरे प्रथिन बसत असल्याने लहान रेणू तेथे टिकेल, असे फारसे कोणास वाटत नव्हते. एनएमआरने मिलिमोलर पातळीवर चिकटणारे दोन रेणू हेरले. त्यांना सांधून आणि पुष्कळ फेरफार करून २००५ मध्ये एबीटी-७३७ हा नॅनोमोलर पातळीवरचा रेणू जाहीर झाला.

तो तोंडावाटे देता येत नव्हता. त्याचा वारसदार नॅव्हिटोक्लॅक्स तसा देता येई, परंतु त्याने बिंबिका घटू लागल्या. कारण बिंबिकांचे आयुष्यच बीसीएल-एक्सएलवर अवलंबून असते. तेव्हा ते प्रथिन सोडून केवळ बीसीएल-२ ला धरणारा रेणू हवा होता. हा दुवा क्ष-किरण स्फटिकचित्राने पुरविला, एनएमआरने नव्हे. त्यातून आलेल्या वेनेटोक्लॅक्सला एप्रिल २०१६ मध्ये, १७पी गुणसूत्रखंड गमावलेल्या दीर्घकालीन लसिकापेशी रक्तकर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. या आजारात ते २० मिलिग्रॅमपासून सुरू करून पाच आठवड्यांत ४०० पर्यंत चढवितात. कारण पेशी इतक्या झपाट्याने मरू शकतात की त्यांचे अवशेष निस्तरताना मूत्रपिंडेच थकावीत.