जैवनिर्देशक : प्रदूषणाचे सजीव मापन

गोड्या मसाल्यातील दगडफूल हे फूलही नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. कवक व शैवाल यांच्या सहजीवनातून बनलेला तो शैवाक होय. शैवाकांना मुळे नसतात, पानांवर असते तसे मेणचट आवरणही नसते. पाणी व क्षार ते थेट हवेतून आणि पावसातून शोषतात, म्हणूनच सल्फर डायऑक्साइडने अनेक जाती लवकर नष्ट होतात. विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्येच पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातील शैवाकांचा संबंध शुद्ध हवेशी जोडला होता. १९७० मध्ये हॉक्सवर्थ व रोझ यांनी इंग्लंड-वेल्ससाठी खोडांवरील शैवाकांवरून या वायूची पातळी ठरविणारी श्रेणी मांडली. अशा सजीवांना जैवनिर्देशक म्हणतात. ज्यांच्या शरीरात प्रदूषक साठत जातो ते जैवसंचायक. मॉस या गटात मोडते.

यंत्र अचूक आकडा देते, परंतु ते जेथे बसविले तेथलाच. यंत्र महाग असल्याने ते कोठे बसवावे, हा मुळात अर्थशास्त्रीय प्रश्न आहे. अमेरिकेतील पोर्टलँड शहरात वन विभागाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये झाडांवरील मॉसचे ३४६ नमुने गोळा केले. रंगीत काच बनविणाऱ्या कारखान्यांभोवतीच्या नमुन्यांत कॅडमियम बरेच अधिक आढळले. काचेला रंग देण्यासाठी हा धातू वापरला जाई आणि भट्ट्यांच्या धुरावर गाळणयंत्रणा नव्हती. २०१५ मध्ये अशा एका कारखान्याजवळ यंत्र बसविल्यावर हवेतील कॅडमियम राज्याने आरोग्यासाठी ठरविलेल्या पातळीच्या सुमारे ४९ पट निघाले. २०१६ मध्ये हे जाहीर होताच वापर थांबविण्यात आला. आजूबाजूची लोकवस्ती तोवर अनभिज्ञच होती.

मॉसने जागा दाखविली, हवेतील प्रमाण मात्र यंत्रानेच सांगितले. हा भेद परीक्षार्थींनी नीट लक्षात ठेवावा. शिवाय शैवाक परतले म्हणजे हवा शुद्ध झाली, असेही नाही. युरोपात सल्फर डायऑक्साइड घटल्यावर नायट्रोजन मानवणाऱ्या जाती फोफावल्या. इंग्लंडची श्रेणी भारतात जशीच्या तशी लागू होत नाही, कारण येथील जाती व हवामान वेगळे. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत यासाठी येथील शैवाकांवर काम झाले आहे.

भारतात यंत्राधारित राष्ट्रीय सनियंत्रण १९८४-८५ पासून सुरू झाले. २००९ मध्ये अधिसूचित झालेल्या मानकांत १२ प्रदूषक होते. त्यांत शिसे, आर्सेनिक व निकेल हे धातू होते, कॅडमियम नव्हते.